पोरकटपणाचं कार्ड

६ जानेवारी

भिंगरीस,

वर 'सप्रेम' लिहिलं होतं, ते खोडलं. हे कचेरीच्या कामाचं पत्र आहे, उगाच भलता अर्थ काढू नकोस. दोन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तूही मला लिहिली नाहीस, आणि आताही मी लिहिलं नसतं. सरांनी सांगितलं म्हणून लिहितेय. मुख्य संपादक सांगतात ते मी करते. तू कधी करायची नाहीस, तरी लाडकी तूच होतीस. असो.

कोशाचा चौथा खंड छापायला निघालाय. वीस फेब्रुवारीला शेवटची प्रुफं जातील. 'प'ची सगळी कार्डं तपासून झाली आणि त्यातलं एकच परत आलं, 'पोरकटपणा'. अर्थाबद्दल सरांची तक्रार नाही. उदाहरणाशेजारी त्यांनी हिरव्या शाईत लिहिलंय: "हे कुणी बोललेलं वाटत नाही, लिहिलेलं वाटतं. ही परिचारिका कोण? ताई, जरा धाकटीला विचारून बघा. तिचे कान चांगले आहेत."

तुझे कान चांगले आहेत. माझे काय भाड्यानं आणलेत? सव्वीस वर्षं या टेबलावर बसतेय मी. तू सहा वर्षं बसलीस, तीही माझ्या शब्दाखातर तुला घेतलं म्हणून.

आपली पद्धत तू विसरली असशील, म्हणून परत सांगते. कार्डावर वर शब्द, खाली अर्थ, त्याखाली उदाहरण, आणि उदाहरण कुणाच्या तोंडून, कुठे, कधी ऐकलं ते. मनानं रचलेलं वाक्य चालत नाही. गुरुवारी सगळी कार्डं मोठ्यानं वाचायची, कुणी लिहिलं ते न सांगता. ज्याला पटत नाही त्यानं पेन्सिल टेबलावर वाजवायची. दोन पेन्सिली वाजल्या की कार्ड परत. बोलायचं नाही, वाद घालायचा नाही.

'पोरकटपणा'चं सध्याचं कार्ड कुणीतरी दोन वर्षांपूर्वी केलेलं आहे. त्या गुरुवारी तूही होतीस. कार्ड वाचून झाल्यावर तू पेन्सिल वाजवली नाहीस. पेन्सिल टेबलावर ठेवलीस, उठलीस आणि गेलीस, ती परत आलीच नाहीस. का गेलीस ते कुणाला सांगितलं नाहीस. सगळ्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, तिचं असंच असतं, कधी काय मनात येईल सांगता येत नाही.

तर, तुझ्या ऐकण्यात या शब्दाचं एखादं चांगलं उदाहरण असेल तर कार्डावर लिहून पाठव. कोरं कार्ड सोबत जोडलंय. नसेल तर तसं कळव, इथे अडून बसलेलं नाही.

आई बरी आहे.

ताई

१६ जानेवारी

भिंगरीस,

तुझं पाकीट मिळालं. आत फक्त कार्ड. 'कशी आहेस' एवढं लिहायलासुद्धा शाई नव्हती का तुझ्याकडे? मी निदान दीड पान लिहिलं होतं.

कार्ड काल वाचलं. वाचणारी मीच होते, माझीच पाळी होती. "'आजोबा, पोरकटपणा पुरे. आता माझी पाळी.' सहा वर्षांची नात. श्रवणयंत्राच्या दुकानात, आजोबा तपासणीच्या मशीनची बटणं दाबत बसले असताना."

सगळे हसले. टायपिस्ट बाई तर पदर तोंडाला लावून हसल्या. एकही पेन्सिल वाजली नाही. सर म्हणाले, परत वाचा. मी परत वाचलं. मग ते मान हलवत म्हणाले, "बघा, सगळा शब्द उलटा करून दाखवला पोरीनं." पोरीनं. पंचेचाळीस वर्षांच्या बाईला पोर म्हणायचं आणि मला ते पहिल्या दिवसापासून ताई म्हणतात. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि ते चाळिशीचे.

स्पष्टच सांगते, माझ्या पोटात दुखलं. माझ्या कार्डांना आजवर कुणी हसलेलं नाही. माझी कार्डं बरोबर असतात. बरोबर असलेलं कार्ड वाचलं की सगळे 'हं' म्हणतात आणि पुढचं घेतात.

पण मी आक्षेप नोंदवते, इथे, पत्रात, कारण टेबलावर बोलायचं नसतं. तुझं उदाहरण गोड आहे, नेहमीचं नाही. नात आजोबांना पोरकट म्हणते हा अपवाद झाला. कोशात आधी नेहमीचा वापर हवा, मग गंमत. तू कायम गंमत आधी घेतेस. सरांनी मात्र तुझं कार्ड दुसरं उदाहरण म्हणून ठेवलं आणि पहिलं, ते परिचारिकेचं, त्याच्या स्रोताची खात्री करून द्या असं मला सांगितलं. मला. कारण स्रोत तपासण्यात माझा हात कुणी धरत नाही.

आणि एक. तू सहा महिन्यांपूर्वी आईला ते कानातलं यंत्र पाठवलंस. मला न विचारता, न कळवता, पाकिटावर नाव आईचं. अकरा वर्षं मी आईशी ओरडून बोलतेय. घसा बसला माझा, शेजारच्यांना आमच्या घरातलं सगळं पाठ झालं. आणि तू एक डबी पाठवलीस आणि आई सगळ्यांना सांगते, धाकटीनं मला कान दिले. परवा मी स्वयंपाकघरात स्वतःशीच पुटपुटले की हिला आयुष्यभर धाकटीचंच कौतुक. तर आई बाहेरच्या खोलीतून म्हणाली, "ऐकू येतंय बरं का मला."

तुझ्या यंत्राची ही उपयुक्तता.

ताई

१ फेब्रुवारी

भिंगरी,

या वेळी तू पाठवलेलं पाकीट नाही, कार्डही नाही. म्हणजे हे पत्र मी आपणहून लिहितेय. नोंद घे.

स्रोत तपासायचा म्हणून मी या शब्दाची सगळी जुनी कार्डं काढून बसले. मोठा खोका आहे. 'पोरकटपणा'ची बासष्ट निघाली, शिवाय शेजारच्या शब्दांची वेगळी. टेबलावर पसरून वाचत बसले, दोन दिवस दुसरं काही केलं नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, ताई, पत्ते मांडलेस का.

'अल्लड' म्हणणाऱ्याला ती मुलगी आवडत असते. 'बालिश' माणसापेक्षा त्याच्या प्रश्नाला, हट्टाला, युक्तिवादाला जास्त म्हणतात. 'अपरिपक्वता' घरात कुणीच बोलत नाही. ती साहेबाच्या गुप्त शेऱ्यात असते, घटस्फोटाच्या अर्जात असते, अग्रलेखात असते. ज्याच्याबद्दल लिहिलंय तो समोर नसताना तो शब्द बरा पडतो. आणि 'पोरकटपणा' घरातला. तो म्हणायला एका ताटात जेवलेलं असावं लागतं. परक्याला आपण पोरकट म्हणत नाही, मूर्ख म्हणतो.

इथपर्यंत माझं डोकं नीट चाललं होतं. मग एक गोष्ट लक्षात आली आणि ती तेव्हापासून सुटत नाही. बासष्टपैकी एकाही कार्डावर 'मी पोरकटपणा करतेय' असं कुणी म्हटलेलं नाही. 'तेव्हा मी पोरकट होतो' अशी पाच आहेत, पाचही लोक सांगताना हसत होते. बाकी सगळीकडे हा शब्द दुसऱ्याला लावलेला. लावणारा कोण, तर बायको, थोरला भाऊ, सासू, हेडमास्तर, मोठी बहीण. मोठ्या बहिणी सात.

बरं, हे सगळे शब्द लावत होते तेव्हा काय करत होते? कुणी दारात उभं, कुणी हातात पिशवी घेऊन, कुणी गॅस बंद करायला निघालेलं. खेळात एकजणही नाही.

मी कार्डं गोळा केली आणि खोका बंद केला.

तुला आठवणार नाही, तू जन्मलीस त्या दिवशी मी सात वर्षांची होते. मला हॉस्पिटलच्या बाकावर बसवलं होतं. बाबा बाहेर आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता तू मोठी झालीस हं." मी सकाळी लहान होते, दुपारी मोठी झाले. त्यानंतर मला कुणी पोरकट म्हटल्याचं आठवत नाही. मला 'समजूतदार' म्हणत. पाहुणे आले की आई सांगायची, थोरलीचा काही त्रासच नाही. तुझा त्रास होता, त्यामुळे सगळं घर तुझ्याभोवती. तू रुसलीस की बाबा दुकान सोडून यायचे. मी एकदा रुसून बघितलं होतं, जिन्याखाली जाऊन बसले. कुणाला कळलंच नाही. भूक लागली तेव्हा माझी मीच वर आले.

बाबांच्या घड्याळांच्या दुकानात मी डबा पोचवायची, गिऱ्हाइकाला बसायला सांगायची, काचा पुसायची. तू बाबांच्या समोर, त्या उंच स्टुलावर बसायचीस. डोळ्याला भिंग लावून बारीक कमान बसवताना बाबा पापणी हलवायचे नाहीत, आणि त्यावरून तुमचा तो खेळ निघाला. एकमेकांकडे टक लावून बघायचं, जो आधी पापणी मिटेल तो हरला. तू कायम हरायचीस आणि दोघं मिळून हसायचात. मी काचा पुसत असायची. काचेतून तुम्ही दोघं दिसायचात.

मला कुणी खेळ म्हटलं नाही. मी विचारलंही नाही. समजूतदार होते ना.

ते परिचारिकेचं कार्ड माझं आहे. तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

ताई

९ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं कार्ड आलं. कार्डावर शब्द नाही, अर्थ नाही, एकच ओळ: "नर्स असं म्हणाली नव्हती."

माहीत आहे मला. ती काय म्हणाली होती तेही माहीत आहे. पण तुझ्याकडे त्या दिवसाची तुझी बाजू आहे, माझी कधी विचारलीस?

मी सकाळपासून खाली होते. या खिडकीवर फॉर्म, त्या खिडकीवर सही, रक्त कुठल्या मजल्यावर द्यायचं, रिपोर्ट कुठल्या मजल्यावर घ्यायचा. लिफ्ट बंद होती. मी चार मजले चढून वॉर्डात आले, हातात सतरा कागद, आणि बघते तर बाबा उशीला टेकून बसलेले, डोळे सताड उघडे, पापणी हलत नाही. समोर तू, तुझेही तसेच, दगडासारखी. मला वाटलं गेले. मला वाटलं बाबा गेले आणि तू बघत बसलीयस. मी किंचाळले. सगळा वॉर्ड जागा झाला, दोन नर्सा धावत आल्या, माझे कागद पलंगाखाली गेले.

आणि बाबा हसायला लागले. तूही. बाबा इतके हसले की त्यांना खोकला आला, आणि खोकत खोकत ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हरलो रे, हिच्यामुळे हरलो." त्या नर्सनं बाबांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसले हो." सगळे हसत होते. मी पलंगाखाली वाकून कागद गोळा करत होते. वाकूनच तुला म्हटलं, अजून किती दिवस चालणार आहे तुझा हा पोरकटपणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले.

तीन महिन्यांनी मी ते कार्ड लिहिलं. "'बाप शेवटच्या घटका मोजतोय आणि मुलगी खेळ मांडून बसलीय, पोरकटपणाला काही सीमा?' परिचारिका, रुग्णालय." वाक्य माझं आणि तोंड त्या बिचारीचं. हे मी का केलं, ते सांगते. त्या आठवड्यात नवीन लोकांना शिकवताना सरांनी तुझी तीन कार्डं नमुना म्हणून दिली होती. माझं एकही नव्हतं. मी घरी आले तर आई सांगत बसली होती, जाता जाता धाकटीनं बाबांना हसवलं. शेजारीण डोळे पुसत होती. मला विचारलं, चहा टाकतेस का. मी चहा टाकला. मग कार्ड लिहिलं.

मला वाटलं होतं तू पेन्सिल वाजवशील. मग दुसरी कुणी वाजवणार नाही, कार्ड पास होईल आणि तू सगळ्यांसमोर उघडी पडशील. तू वाजवलीच नाहीस. तुझ्या उठून जाण्याचासुद्धा मला राग आला. एवढ्यावरून कुणी नोकरी सोडतं का, म्हणजे मी म्हटलं ते खरंच की. दोन वर्षं हेच धरून बसलेय.

आता माझ्या गळ्याशी काय आलंय ते ऐक. या खंडानंतर सर निवृत्त होतायत. त्यांच्या जागी माझं नाव जवळजवळ ठरलंय, खंडाच्या पहिल्या पानावर छापायलाही दिलंय. आणि तुला ते जाड चष्म्याचे काका आठवतात? त्यांनी सात वर्षांपूर्वी एका कार्डावर स्रोत मनानं घातला होता. थकले होते, बायको आजारी होती, एक कार्ड राहिलं होतं. पहिली पेन्सिल मी वाजवली होती. खोटा स्रोत देणारा टेबलावर बसणार नाही, हा ठराव माझ्या अक्षरात आहे. काका आता खाली बांधणी विभागात बसतात. रोज मला जिन्यात भेटतात आणि रोज विचारतात, बरं आहे ना ताई.

मी गप्प बसले तर काही बिघडत नाही. सरांना सांगायचं, नर्सची बदली झाली, पत्ता नाही. माझ्या शब्दावर सरांचा विश्वास आहे. कार्ड छापलं जाईल. ते वाक्य कोशात राहील, आपण दोघी गेल्यावरही राहील, आणि ते कुणाबद्दल आहे हे फक्त तुला आणि मला माहीत असेल.

हे तुला मी का सांगतेय? तू मला वाचवावंस म्हणून नाही. की असेलही. तू एक ओळ लिहून पाठवलीस की 'जाऊ दे ताई', तर मी जाऊ देईन.

ताई

२० फेब्रुवारी

भिंगरी,

तू ती ओळ पाठवली नाहीस. दहा दिवस मी पोस्टमनची वाट पाहिली. आई म्हणाली, त्याला चहा तरी विचार, रोज दारात अडवतेस.

काल शेवटचं वाचन झालं. 'पोरकटपणा' आला. वाचायची पाळी टायपिस्ट बाईंची होती. त्यांनी माझं वाक्य वाचलं, परिचारिका, रुग्णालय, आणि थांबल्या. नेहमीसारखं कुणीतरी 'हं' म्हटलं. मी पेन्सिल वाजवली.

सर माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कार्ड कुणाचं ते माहीत होतं, अक्षर ओळखतात ते. मी परत वाजवली. टायपिस्ट बाई म्हणाल्या, एकीच्या दोन धरत नाहीत, दुसऱ्याची हवी. कुणीच वाजवेना. कार्ड माझंच आहे हे एव्हाना सगळ्यांनी ओळखलं असावं, आणि माझ्या कार्डाविरुद्ध कोण वाजवणार? मग सरांनी त्यांच्या ट्रेमधली पेन्सिल उचलली, तुझी, मागच्या टोकाला चावलेली, जी त्यांनी दोन वर्षं कुणाला घेऊ दिली नाही, आणि एकदा वाजवली. हळूच.

टेबलावर बोलायचं नसतं, तरी मी बोलले. म्हटलं, परिचारिका कुणी नाही, ते वाक्य माझं आहे, ठराव वाचून दाखवायची गरज नाही, मला पाठ आहे. आणि उठले. बाहेर जिन्यात काका भेटले. बरं आहे ना ताई. मी म्हटलं, नाही काका. त्यांनी मला बांधणी विभागात नेलं, खुर्ची पुसून दिली. सोमवारपासून मी तिथे बसायचं आहे. पहिल्या पानावरचं नाव निघालं. आज प्रुफं गेली, त्यात पहिलं आणि एकमेव उदाहरण तुझ्या आजोबांचं आहे.

मला वाईट वाटलं नाही असं लिहिणार होते. वाटलं. रात्रभर जळफळाट झाला माझा, की आता सर कुणाला बोलावतील ते मला दिसतंय. बोलावलं तर ये. मी खाली असेन.

पण हे पत्र त्यासाठी नाही. एक गोष्ट राहिलीय, ती मी कुणालाच सांगितलेली नाही, आईलाही नाही.

शेवटच्या सकाळी तू आंघोळीला घरी गेली होतीस. नऊ वाजले होते. मी बाबांजवळ होते. तुला मी सांगितलं की ते झोपेतच गेले. ते खरं नाही.

ते जागे होते. मी औषधांचा कागद वाचत होते, मान वर केली तर ते माझ्याकडे बघत होते. टक लावून. पापणी न हलवता. ओठांच्या कोपऱ्यात ते होतं ना त्यांचं, हसू दाबून धरायचे तसं. मला पुढे कित्येकदा वाटलं की आपण म्हणावं, मला कळलंच नाही, मी घाबरले, मला वाटलं काही दुखतंय. पण मला कळलं होतं, भिंगरी. तिथल्या तिथे कळलं होतं. पन्नाशीला आलेली मी, आणि बाबांनी मला पहिल्यांदा खेळायला बोलावलं होतं.

आणि माझ्या मनात काय आलं सांगू? हा तिचा खेळ आहे. ती नाही म्हणून मला विचारतायत. मला तिचं उष्टं नको.

मी म्हटलं, "बाबा, डोळे मिटा. आराम करा." ते थोडा वेळ थांबले. अजून बघत होते. मग मिटले. आदल्या दिवशी हरल्यावर हसले होते तसे हसले नाहीत.

पंधरा मिनिटांनी नर्स आली, नाडी बघितली आणि मला बाजूला व्हायला सांगितलं.

म्हणून ते कार्ड. तू त्यांना हसवलंस हे मी सहन केलं असतं. मलाही ते बोलावत होते आणि मी रुसून बसले, हे सहन होत नव्हतं. जिन्याखाली बसलेल्या मुलीसारखी रुसले. फक्त या वेळी कुणीतरी शोधायला आलं होतं.

सोबत एक कार्ड आहे. त्रेसष्टावं. शब्द तोच. अर्थ मी लिहिलेला नाही, मला आता खात्री नाही. उदाहरण: "'बाबांनी बोलावलं आणि मी गेले नाही, तो माझा पोरकटपणा. अजून चालूच आहे.' मोठी बहीण, पत्रात, आज." कोशात जाणार नाही ते, खंड गेला. तुझ्याकडे ठेव. खोटं वाटलं तर वाजव. पेन्सिलही पाठवतेय, सरांनी स्वतः पाकिटात घातली.

नंतर कधी आलीस तर घरी ये. आई बाहेरच्या खोलीत असते, तिला आता दार उघडल्याचं ऐकू येतं. चहा ती टाकेल, मी सांगेन तिला. तू माझ्यासमोर बस आणि मला तो खेळ शिकव. मी लगेच हरेन, मला सवय नाही, आणि माझे डोळे लवकर भरतात.

भरले तर हरले असं धरायचं की नाही, ते नियम तुला माहीत.

तुझी,
ताई